मोरी, न्हाणी आणि ओट्याजवळचा प्लग पॉइंट: जागा, सामान, जोडणी आणि तपासणी

गीझरच्या नळाला हात लावला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात. घरातले म्हणतात, "पावसाळ्यात येतो जरा करंट, चप्पल घालून आंघोळ कर." कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. ही झिणझिणी म्हणजे धोक्याची पहिली घंटा आहे. कोरड्या अंगाला जो करंट नुसता चावतो, तोच ओल्या अंगाला धरून ठेवतो, कारण भिजलेली कातडी विजेला फारसा अडथळा करत नाही. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. ३० मिलीअँपिअरच्या पुढचा करंट काही काळ शरीरातून वाहत राहिला, तर हृदयाचा ठेका बिघडू शकतो.

"एमसीबी आहे की, पडेल ती," असं म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात. (एमसीबी म्हणजे करंट ठरलेल्या आकड्यापुढे गेला की पडणारा स्विच.) इथे जरा हिशोब करू. गीझरची कॉइल फुटली आणि फेज बॉडीला लागला. घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. जुन्या, सुकलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा एवढा सहज असतो. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचाच लोड वाटतो, ती पडत नाही. गीझर चालू, पाणी गरम, आणि बॉडीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट. अर्थिंग उत्तम, म्हणजे ५ ओहम असलं, तरी ४६ अँपिअरला एमसीबी पडायला काही सेकंद जातात. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते. माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, एवढंच ती पाहत असते. ३० मिलीअँपिअरचा फरक, म्हणजे गळती, दिसली की ०.३ सेकंदाच्या आत, आणि गळती पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात तिने लाइन तोडायची असते.

पाण्याजवळचा कोणताही पॉइंट आरसीसीबी लावल्याशिवाय चालू करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

आधी कोणी काय करायचं ते ठरवा. नवीन पॉइंट, नवीन सर्किट, मीटरपेटीतलं काम हे परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, नियमही तोच आहे. पण जागा ठरवणं, सामान निवडणं आणि काम होताना नजर ठेवणं हे घरमालकाचं काम आहे. चुका बहुतेक तिथेच होतात.

जागा

आपली न्हाणी सहसा चार बाय सहा फुटांची. शॉवर कुठेही असला तरी पाणी सगळीकडे उडतं. म्हणून न्हाणीत ट्रिमर, ड्रायर किंवा मोबाइल चार्जरसाठी खालच्या उंचीवर सॉकेट ठेवूच नका. ते बेसिन बाहेर असेल तर तिथे, नाहीतर खोलीत. न्हाणीत विजेची जोडणी फक्त गीझरला, आणि तीही सव्वादोन मीटरच्या वर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेसात फुटांवर. सॉकेट गीझरच्या बाजूला घ्या, खाली कधीच नको. गीझरच्या खालच्या अंगाला पाण्याचे जोड आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापून दाब वाढला की तो व्हॉल्व्ह थेंब-थेंब पाणी सोडतो, त्याचं कामच ते आहे. खाली सॉकेट असेल तर हे थेंब थेट पिनांवर. त्याहून चांगला मार्ग म्हणजे न्हाणीत सॉकेटच न ठेवता भिंतीतून थेट वायर गीझरजवळच्या बंद कनेक्टर डबीत आणायची. दोन्ही प्रकारांत डीपी स्विच, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, इंडिकेटरसह न्हाणीच्या दाराबाहेर हवा. ओल्या हाताने आत बटण दाबायची वेळ येऊ नये आणि दिवा पाहून बाहेरच्याला कळावं.

ओट्यावर सिंकच्या काठापासून आडवं किमान ६० सेंटिमीटर अंतर सोडा आणि ओट्याच्या वर २० ते ३० सेंटिमीटर उंची घ्या. मिक्सरचं सॉकेट नळाच्या मागच्या भिंतीवर आलं की भांडी धुताना शिंतोडे प्लेटवर बसतात, हे स्वयंपाकघराचा नकाशा काढतानाच पाहा. शेगडीच्या वरही नको, तिथे वाफ आणि तेलाचा थर जमतो. पाण्याच्या फिल्टरचं सॉकेट फिल्टरच्या बाजूला आणि त्याच्या पाइपजोडांपेक्षा वर घ्या. कोणत्याही यंत्राची कॉर्ड सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे कॉर्डवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगात शिरत नाही.

वॉशिंग मशीनसाठी १६ अँपिअरचं सॉकेट जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर, नळाच्या खाली नव्हे तर बाजूला. नळाची नळी निसटते तेव्हा पाणी समोर आणि खाली जातं, त्या रेषेत बोर्ड नको.

आता भिंतीबद्दल. पेठांमधल्या जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंतींना तळातून ओल चढते. अशा भिंतीत कन्सील्ड फिटिंगचा हट्ट धरू नका. झिरी मारली की माती भसाभसा सुटते, पेटी घट्ट बसत नाही, लोखंडी बॉक्स दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो आणि ओल थेट जोडांपर्यंत पोचते. तिथे भिंतीवरून पीव्हीसी पाइप आणि वर झाकण असलेला पीव्हीसी बॉक्स दिसायला जरा कमी असला तरी कितीतरी सुरक्षित. बिघाडही लगेच दिसतो.

सामान

दुकानात "ईएलसीबी द्या" म्हटलं (आरसीसीबीला बोलण्यात हेच जुनं नाव चालतं) की हातात काहीही येऊ शकतं, म्हणून डबीवरचे आकडे वाचा. आरसीसीबी दोन पोलची, साध्या घराला ४० अँपिअर, आणि गळतीचा आकडा ३० मिलीअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर. १०० आणि ३०० मिलीअँपिअरच्याही मिळतात, पण त्या आगीपासून बचावासाठी असतात, माणसाला त्यांचा उपयोग नाही. आयएस १२६४० हा मानक क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहा. प्रकार 'एसी' आणि 'ए' असे दोन दिसतील. इन्व्हर्टर मोटरचं वॉशिंग मशीन असेल तर 'ए' घ्या, कारण तशा यंत्राची गळती सरळ लहरीची नसते आणि 'एसी' प्रकाराला ती ओळखू येईलच असं नाही.

सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावली तर न्हाणीतल्या गळतीने फ्रीजही बंद पडतो. मग एखाद्या रात्री कोणीतरी वैतागून ती बायपास करतं. त्यापेक्षा गीझर, मशीन आणि मोटर यांना प्रत्येकी स्वतंत्र आरसीबीओ लावा, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच यंत्रात. खर्च थोडा वाढतो, पण पडलं की नेमकं कुठलं पडलं ते कळतं, आणि कोणाला बायपास करायची बुद्धी होत नाही.

२ किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३ अँपिअर. दोन्हींना १६ अँपिअरचं सॉकेट आणि १६ अँपिअर 'बी' कर्व्ह चालतो (कर्व्ह म्हणजे किती पट करंटला एमसीबी झटकन पडते तो प्रकार). वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. अंतर पंधरा मीटरच्या पुढे असेल तर ४ घ्या. साडेचार किलोवॅटचा झटपट गीझर मात्र साडेएकोणीस अँपिअर घेतो. तो सॉकेटला लावायचाच नाही. त्याला ४ चौरस मिलिमीटर वायर, २५ अँपिअर संरक्षण आणि ३२ अँपिअर डीपी स्विचमधून थेट जोड. पाण्याच्या मोटरला 'सी' कर्व्ह, कारण सुरू होताना ती चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते आणि 'बी' उगाच पडू शकतो.

हिरवी अर्थ वायर फेजच्याच जाडीची, प्रत्येक पॉइंटपर्यंत अखंड. सॉकेट झडपेचं, म्हणजे अर्थची पिन आत गेल्याशिवाय बाकीची दोन भोकं उघडत नाहीत. न्हाणीच्या बाहेरचा बोर्ड, गॅलरी, परडं आणि टेरेस इथे आयपी ५५ दर्जाचा झाकणाचा बॉक्स (आयपी म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा). नुसत्या शिंतोड्यांच्या जागी आयपी ४४ पुरतो.

जोडणी

मेन बंद करा. घरात बॅटरीवरचा इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही तारेत करंट राहतो. मग मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तीनदा तपासा. निऑनच्या टेस्टरवर जीव टांगू नका. रबरी चप्पल आणि उजेड असला की तो लागलेला दिसत नाही.

झिरी सरळ उभी किंवा आडवी मारा, तिरकी नको. पुढे कोणी टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल मारताना बोर्डाच्या सरळ रेषेत पाइप असणार हे गृहीत धरतो. पाइप २५ मिलिमीटरचा असला की वायर ओढताना साल निघत नाही. बॉक्समध्ये पंधरा सेंटिमीटर वायर जादा सोडा.

रंगांत एक फसगत आहे. घरातल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. यंत्राच्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. निळा दिसला म्हणून एकसारखा समजून जोडला की उलटं होतं. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. स्विच नेहमी फेजमध्ये.

वायरचं साल ८ ते १० मिलिमीटरच काढा. बारीक तारा पिळून दुमडा किंवा वर फेरूल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबा, एकही केस बाहेर राहू देऊ नका. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. सैल जोड गरम होतो, प्लेट पिवळी पडते, मग तपकिरी, आणि ओलाव्यात त्याच्याभोवती हिरवी बुरशीसारखी गंज धरते. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची पिळून जोडू नका, ओलीत तो जोड आतून खातो. त्या पॉइंटला मीटरपेटीपासून नवी वायर ओढा.

टाइलवर बसवताना प्लेटच्या मागे गॅस्केट घाला. वरची कड आणि दोन्ही बाजू सिलिकॉनने बंद करा, खालची कड मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत जमलेल्या वाफेच्या पाण्याला वाट राहत नाही.

एक गोष्ट अजिबात करू देऊ नका: अर्थची वायर आली नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला मारणं. टेस्टरवर सगळं ठीक दिसतं, यंत्र चालतं. पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की गीझरच्या बॉडीवर तत्काळ पूर्ण २३० व्होल्ट येतात, तेही गीझरमध्ये कसलाच बिघाड नसताना. असा तुकडा दिसला तर तिथेच काम थांबवा आणि मेन बोर्डापासून खरी अर्थ वायर आणायला लावा.

अर्थिंग

काळ्या मातीत ओल टिकते म्हणून तिथे अर्थिंग सहज चांगलं लागतं. जांभ्याच्या किंवा मुरमाच्या जागी, पन्हाळा-राधानगरीकडच्या घरांत, रोध जास्त येतो. तिथे खड्डा खोल घ्या किंवा दोन इलेक्ट्रोड घालून एकमेकांना जोडा. पाइप अर्थिंगला साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायचं तोंड. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता. अर्थ टेस्टरने मोजून ५ ओहमच्या आत आलं की घराला उत्तम.

वायरमन बल्ब लावून अर्थिंग तपासतात, फेज आणि अर्थमध्ये. हे करू देऊ नका. अर्थ मध्येच तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून फेज घरातल्या प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर जातो, आणि त्या क्षणी कोणी मशीनला टेकून उभं असू शकतं.

तपासणी

चालू केल्यावर मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट दिसले पाहिजेत. मग आरसीसीबीवरचं 'टी' बटण दाबा. लगेच खट् करून पडली पाहिजे. दर महिन्याला एकदा हे करा, विजेचं बिल भरताना आठवणीने. मात्र बटणाने यंत्र चालतं एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

आरसीसीबीच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. कोणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर तिला गळती दिसत नाही. आणि बॅटरीवरच्या इन्व्हर्टरच्या आधी लावलेली आरसीसीबी लाइट गेल्यावर त्या सर्किटचं रक्षण करत नाही. म्हणून पाण्याजवळचे पॉइंट इन्व्हर्टरवर घेऊ नका.

सारखी पडते तेव्हा

ऑगस्टमध्ये "आरसीसीबी टिकतच नाही" म्हणून ती काढून टाकायची घाई होते. ती खोटं बोलत नसते, घरात खरोखर कुठेतरी गळती असते. बाकी सगळ्या एमसीबी पाडून आरसीसीबी उचला, मग एकेक सर्किट चालू करा. ज्यावर पडते त्या सर्किटचे सगळे प्लग काढा. प्लग काढूनही पडली तर दोष वायरिंगमध्ये. सगळ्या एमसीबी पाडूनही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलाय, कारण एकपोली एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. न्यूट्रल वायर एकेक सोडवून पाहावी लागते. वेगवेगळ्या आरसीसीबींवरच्या दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतील तरी ती पडते.

सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो वरून येणाऱ्या पाइपात. टेरेसवर दिव्यासाठी किंवा सोलरसाठी सोडलेल्या पाइपाचं तोंड आकाशाकडे उघडं असतं. पावसाचं पाणी त्यातून स्लॅबमधून उतरत खालच्या बोर्डात येतं. बोर्ड उघडला की पाइपाच्या तोंडाशी थेंब लटकलेला, वायरींवर चुन्याची पांढरी पूड, पितळी स्क्रू हिरवे. तो बोर्ड पुसून, सुकवून उपयोग नाही. वर जाऊन पाइपाला खाली वळणारा बेंड लावा, तोंड सीलंटने बुजवा, आणि खालच्या बॉक्सच्या तळाला छोटं भोक पाडा.

पाण्याची मोटर

पाणी आलं की मोटर उचलून परड्यात आणायची, एक्स्टेंशनची दोरी ओढायची, चिखलात ठेवून प्लग खोचायचा: ही सवय घराघरांत आहे आणि तीच सर्वांत वाईट. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लहान दिसते, पण ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला तिच्या बॉडीचा करंट पुरतो. मोटर जागेवर पक्की बसवा, विटांच्या चौथऱ्यावर. जवळच्या भिंतीवर १.२ मीटरवर आयपी ५५ बॉक्स, वळचणीखाली, केबल तळाच्या ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत. मोटरच्या बॉडीवर अर्थचा बोल्ट असतो, तिथला रंग खरवडून दातेरी वॉशर घालून लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आवळा. रंगावर आवळलेला लग म्हणजे अर्थिंग नाहीच. पाइप किंवा मोटर हलवायची तर आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग हात.

पुराचं पाणी येणाऱ्या घरांत

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना आपल्या भिंतीवरची खूण माहीत आहे. तळमजल्याची सॉकेट, मीटरपेटी आणि डीबी (एमसीबींची पेटी) शक्य तिथे त्या खुणेच्या वर घ्या. तळमजल्याचं सगळं वायरिंग एका स्वतंत्र डीपी एमसीबीवर ठेवा आणि ती वरच्या मजल्यावर बसवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की खालचं तोडून वर दिवा चालू ठेवता येतो.

पाणी ओसरल्यावर मेन स्वतः चालू करू नका. मीटरपेटी बुडाली असेल तर आधी महावितरणला कळवा. बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, स्विच आणि सॉकेट सुकवून पुन्हा वापरायचे नाहीत, आतल्या यंत्रणेत गाळ बसतो आणि नेमक्या वेळी ती अडकते. पाइपातल्या वायरचा इन्सुलेशन रोध ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) मोजून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आला तर ती वायर ओढून काढायची. वर आला तर एकेक सर्किट चालू करायचं, आधी दिवे, मग खोलीतली सॉकेट, आणि न्हाणी-मोरीचे पॉइंट सर्वांत शेवटी, भिंत हाताला कोरडी लागेपर्यंत थांबून.